मदत हवी आहे: घरच्या माणसाचीच भीती असेल तर रुग्णाला कुणाच्या भरवशावर सोडायचं?

नमस्कार. मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

एक ताई प्रेशरच्या गोळ्या न्यायला येतात. सोमवारी पट्टा बांधायला बाही वर सरकवली, तर दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने व्रण. म्हणाल्या, "काजूच्या भाटात काटे लागले." काट्यांचे ओरखडे असे एकसारखे नसतात. मी पडदा ओढला आणि सरळ विचारलं, "जीव नकोसा होतो का?" विचारल्याने तसले विचार डोक्यात येत नाहीत, हे शिकलेय, तरी माझाच घसा सुकला होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सिस्टर, पोरांसाठी थांबलेय."

उर्राकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस आले की नवरा हात उगारतो. परवा कोयता घेऊन अंगावर आला. तो बाहेर बाकावरच बसला होता.

आम्हाला शिकवलंय की एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, गोळ्या आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा. पण किल्ली द्यायची कुणाकडे? त्याच्याकडे? डॉक्टरांनी बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली, ती ताईंनी परत दिली. घरात सापडली तर वेडी ठरवून बाहेर काढतील म्हणाल्या. डॉक्टरांना सांगून गोळ्या महिन्याऐवजी आठवड्याच्याच दिल्या, म्हणजे निदान सोमवारी परत येतील. याहून काय करता येईल?

प्रतिसाद (समुपदेशक, फोंडा):
सिस्टर, पडदा ओढून विचारलंत हे फार मोठं केलंत. विश्वासाचं माणूस त्याच घरातलं हवं असं नाही. आई, भाऊ, शेजारीण, कुणीही चालेल. पण निवड ताईंची. जीव द्यायचं कसं, कधी हे ठरवलंय का, हे दर वेळी विचारा. ठरलं असेल तर त्या दिवशी घरी सोडू नका. डॉक्टरांना सांगून 108 ने बांबोळीला न्या. मारहाणीचं वेगळं विचारा. तो गळा दाबतो का, हे जरूर विचारा. तसं असेल तर जिवाला मोठा धोका समजा.

चिठ्ठी केंद्रातच ठेवा. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि महिलांसाठीचा 181 तोंडपाठ करून घ्या, फोन केंद्रातून लावू द्या. कोयता पुन्हा निघाला तर 112. पोलीस केसची धास्ती असेल तर सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आहे: जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, धरतात.

नवऱ्याशी दारूबद्दल बोला, पण ताईंचा एक शब्दही त्याच्या कानावर जाता कामा नये. 'संगत' या संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक केंद्रांत साध्या समुपदेशकांकडून, जास्तीत जास्त चार भेटींत, दारूवर काम करून दाखवलंय. 2017 मध्ये निष्कर्ष आले. मात्र दारू सुटली म्हणजे मारहाण थांबली असं धरू नका.

धागाकर्ती:
खूप आभार. आज ताई आल्या, सोबत आई होती. फवारणीचं औषध आईने आपल्या घरी नेलंय, गोळ्याही तिच्याकडेच राहतील. गळ्याचं विचारलं, तर नाही म्हणाल्या. पण म्हणताना पदर वर ओढला. तेवढं मनातून जात नाही. पुढच्या सोमवारी आल्या नाहीत तर काय करू? फोन नवऱ्याच्या खिशात असतो. लसीकरणाच्या फेरीत सहज डोकावल्यासारखं घरी जाऊ का? कुणी असं केलंय?