नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वृद्ध वडील आणि लहान मुलीसह सामना पाहण्याबाबत

सातारकर (प्रश्न)

नमस्कार. माझी दहा वर्षांची मुलगी क्रिकेट शिकते. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ती मध्यरात्रीपर्यंत टीव्हीसमोरून हलली नव्हती, आणि तेव्हापासून ‘मला ते मैदान दाखवा’ असा धोशा तिने लावला आहे. पुढच्या दिवसरात्र सामन्याची तिकिटे काढावीत असा विचार आहे. सोबत माझे 74 वर्षांचे वडील असतील. त्यांचा गुडघा दुखतो, पण घरी थांबायला ते तयार नाहीत. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमपलीकडे आम्ही कोणी मोठे मैदान पाहिलेले नाही. गाडी घेऊन यावे की लोकलने, कोणत्या बाजूची तिकिटे काढावीत आणि सामना संपल्यावर त्याच रात्री परत निघावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरूळवासी

गाडी स्टेडियमपर्यंत आणू नका, हे सर्वांत आधी सांगतो. स्टेडियम शीव-पनवेल महामार्गाला लागूनच असल्यामुळे नकाशावर ते फार सोयीचे दिसते, पण आसनक्षमता सुमारे 55 हजार आहे आणि सामना सुटला की त्यांतले बरेचसे लोक याच महामार्गावर येतात. द्रुतगती मार्गाने आलात तर पनवेल किंवा खारघरला कोणा नातेवाइकाकडे गाडी ठेवा आणि हार्बरची लोकल पकडून नेरूळला उतरा. पूर्वेकडून बाहेर पडल्यावर तब्येतीने धडधाकट माणसाला पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. वडिलांसाठी मात्र रिक्षा करा आणि पोलीस जिथे अडवतील तिथून पुढचे अंतर त्यांना चालावेच लागेल, हे गृहीत धरा. सामना रविवारी असेल तर हार्बरवर मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या दिवशी पाहून घ्या.

तिकिटावर न्यायला मनाई असलेल्या वस्तूंची यादी असते, ती खरोखर वाचा. मी स्टेडियमजवळच राहतो म्हणून निभावले, नाहीतर खिशात विसरलेल्या पॉवर बँकेपायी माझी पहिली दहा षटके हुकली असती.

पश्चिम उपनगरातला प्रेक्षक

जागेबद्दल थोडे लिहितो. दुपारी सुरू होणाऱ्या सामन्याला पश्चिमेकडील बाजूची तिकिटे घ्यावीत, कारण ऊन पाठीमागे राहते. समोरच्या पूर्वेकडच्या प्रेक्षकांना मात्र सूर्य मावळेपर्यंत कपाळावर हात धरून बसावे लागते. या स्टेडियमचे छत मधल्या खांबांशिवाय पुढे आलेले आहे, त्यामुळे मैदान कोठूनही न अडखळता दिसते आणि ‘खांबामागची जागा’ हा जुन्या मैदानांवरचा शाप येथे नाही. तरीही तिरपा पाऊस आला की खालच्या रांगा भिजतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, की हे मैदान मुळात क्रिकेटच्या मापाचे आहे. 25 ऑक्टोबर 2017 रोजी 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना मी येथे पाहिला होता. स्पेनने तो 3-1 असा जिंकला, पण गोलच्या मागे बसलेल्या मला दुसऱ्या टोकाचे गोल अंदाजानेच समजले, कारण अंडाकृती मैदानाच्या मधोमध आखलेले फुटबॉलचे मैदान गॅलरीपासून बरेच दूर पडते. 2025 च्या जानेवारीत येथेच कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तशा कार्यक्रमाला बसण्याचे गणित आणखी वेगळे असते, कारण सगळे रंगमंचाच्या एका टोकाकडे तोंड करून असतात. क्रिकेटसाठी मात्र तुम्ही वरच्या मजल्यावर जावे, असे माझे मत आहे; क्षेत्ररक्षणाची मांडणी तिथूनच कळते.

वाशीची सुनबाई

वरच्या मजल्याबद्दल मी असहमत आहे. गुडघेदुखीच्या माणसाला जिने चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो, आणि उतरताना मागून गर्दीचा रेटा असतो. माझ्या सासूबाईंना घेऊन मी त्या अंतिम सामन्याला गेले होते. पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला, तेवढा वेळ आम्ही पिशवीतली शाल पांघरून बसलो. आम्ही खालच्या मजल्यावर, पण मधल्या रांगेत, कडेच्या खुर्च्या घेतल्या होत्या. त्यामुळे उठताना कोणाच्या पायांवरून जावे लागले नाही.

मुलीला खालूनच दाखवा, यामागे आणखी एक कारण आहे. दीप्ती शर्माच्या चेंडूवर नदीन डी क्लर्कने मारलेला शेवटचा फटका हवेत गेला, तेव्हा टीव्हीवर चेंडू दिसतो. आम्हाला मात्र मागे पळत सुटलेली हरमनप्रीत दिसली, आणि झेल हातात बसण्याआधीच सासूबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर आम्ही अर्धा तास जागेवरूनच हललो नाही. जिने मोकळे झाल्यावर एकेक पायरी धरून उतरलो, आणि आमचे काही अडले नाही.

त्याच रात्री साताऱ्याला मात्र निघू नका. नेरूळ, बेलापूर किंवा वाशीत खोली आधीच ठरवून ठेवा, कारण लांबलेल्या सामन्यानंतर शेवटच्या लोकलच्या भरवशावर वृद्ध माणसाला घेऊन फलाटावर उभे राहणे योग्य नाही.

सातारकर

सर्वांचे मनापासून आभार. खालचा मजला, पश्चिमेची बाजू आणि कडेच्या तीन खुर्च्या, असे ठरवले आहे. खारघरला मेव्हणा राहतो, त्यामुळे गाडीचा आणि मुक्कामाचा प्रश्न एकदमच सुटला. वडिलांना जिन्यांचे सांगितले, तर त्यांनी आजच घराच्या ओट्याच्या पायऱ्या चढउतार करण्याचा सराव सुरू केला आहे.