ईसीजी पट्ट्याचं वाहक कापड नेमकं कसं तपासायचं?

धागादोरा:
छातीच्या पट्ट्यासाठी चांदीचा मुलामा असलेलं निटेड नायलॉन वापरतोय. मल्टीमीटरचे प्रोब टेकवले की कधी १ ओहम, कधी ४. पाच धुण्यांनंतरही आकडे १ ते ४ मध्येच आहेत, पण ईसीजीत ५० हर्ट्झचा (घरातल्या विजेचा) गोंगाट भरपूर वाढलाय. चुकतंय कुठे?

चारतारी:
प्रोबचा दाब बदलला की आकडा बदलणारच. तुम्ही कापडाऐवजी मुख्यतः स्पर्शाचाच रेझिस्टन्स मोजताय. १० मिमी रुंद, १५० मिमी लांब पट्टी कापा. दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर बसणारे धातूचे चिमटे लावून १०० मिलिअँपिअर सोडा आणि मधल्या ५० मिमीवरचं व्होल्टेज वेगळ्या दोन तारांनी घ्या. तेवढ्या लांबीत १० बाय १० मिमीचे ५ चौरस बसतात. २५० मिलिव्होल्ट आले तर २.५ ओहम, म्हणजे दर चौरसाला ०.५ ओहम. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांच्या पट्ट्या घ्या, निटेड कापडात फरक पडतोच. मग २० टक्के ताणून सोडा. आकडा मूळ जागी परतत नसेल तर मुलाम्याला तडे गेलेत किंवा विणीचे लूप सरकलेत.

ओला_इलेक्ट्रोड:
मोजणी बरोबर, पण गोंगाटाचं कारण त्यात सापडायचं नाही. अँप्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) इतका मोठा असतो की कापडाचे १ ओहम काय नि १० काय, सारखेच. खरा खेळ त्वचेशी होणाऱ्या संपर्काचा. कोरड्या कापडाचा तिथला इम्पिडन्स कमी फ्रिक्वेन्सीला लाखो ओहमच्या घरात जातो, आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये तो असमान झाला की अंगावरचं ५० हर्ट्झ थेट सिग्नलमध्ये शिरतं.

टेबलावर तपासायला १०० मिली पाणी, ०.९ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम अगर-अगर (शेवाळापासूनची जेलीची पूड) उकळून वडी जमवा. वर दोन इलेक्ट्रोड, प्रत्येकावर सारखंच वजन, आणि १ हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ इम्पिडन्स घ्या. धुण्याआधी आणि नंतर. पण अगर ओलं असतं, त्यामुळे कोरड्या त्वचेपेक्षा निकाल गोड दिसतो. शेवटची चाचणी अंगावरच, बॅटरीवरच्या उपकरणाने. पट्टा चढवल्याबरोबर एकदा आणि घाम आल्यावर पुन्हा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच टाळा: पहिल्याचा थर बसतो, दुसरं चांदी खातं.

धागादोरा:
आणि स्नॅप बटणाचा जोड? सोल्डर करू का?

चारतारी:
नको. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, सोल्डरिंगचं टोक त्याहून खूप गरम असतं. जोडही चार तारांनीच मोजा: बटणावर दोन, कापडावर दोन. मोजताना बटण हलवत, ओढत राहा. आकडा उड्या मारू लागला तर कापडाला दोष देण्याआधी बटण नव्याने दाबून बसवा.