शक्ती, ऊर्जा आणि डब्यातला दिवा

भाषांतरवाली : विशिष्ट सापेक्षतेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. उदाहरणाला डेक्कन क्वीन घेतली. समजा, ती प्रकाशाच्या 0.6 पट वेगाने शिवाजीनगर ओलांडतेय आणि डब्यात बॅटरीवर 60 वॉटचा दिवा तासभर जळतोय. मी लिहिलं, ‘दिव्याची शक्ती डब्यात आणि फलाटावर सारखीच भरते.’ मुद्रितशोधकांनी ‘शक्ती’ खोडून ‘ऊर्जा’ केलं, आणि वाक्य साफ खोटं झालं! सापेक्षतेनुसार या वेगाला फलाटावरच्या घड्याळांनी त्या तासाचा सव्वा तास होतो आणि खर्चलेली ऊर्जाही सव्वापट, म्हणजे 75 वॉट-तास. शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले वेळ; दोन्ही सव्वापट, म्हणून भागाकार 60 वॉटच. अशी गल्लत होणार नाही असा शब्द सुचवा.

भोसरीकर : ताई, आमच्या वर्कशॉपात ‘मोटर किती पॉवरची’ असंच विचारतात. अश्वशक्ती पुस्तकात, तोंडात एचपी. 746 वॉटचा एक. ‘पॉवर’ लिहा, शेंबड्या पोरालाही कळतं.

नळस्टॉप : पॉवर कशाला? शाळेच्या पुस्तकात ‘विद्युत शक्ती’ आहे, ‘कार्य करण्याचा दर’ अशी व्याख्याही आहे. रूढ झालेली परिभाषा आपणच सोडली तर ती टिकणार कशी? फार तर ‘ऊर्जादर’ करा.

भोसरीकर : वीजदर म्हणजे युनिटला किती रुपये. ऊर्जादर वाचून लोक बिलच आठवतील. त्यापेक्षा बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा, तो किलोवॉटमध्येच असतो. ‘भार’ घ्या.

प्रयोगवही : भार नको. आम्ही शिकलो तेव्हा विद्युतभार म्हणजे इलेक्ट्रॉनवर असतो तो. पण ताई, मुळात 60 च का? फलाटावरून व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बदलतात ना?

भाषांतरवाली : बदलतात, आणि तेच मला फार सुंदर वाटतं. बॅटरी 240 व्होल्टची धरा, डब्यात प्रवाह 0.25 अँपिअर. दिव्यातला तंतू रुळांना समांतर असेल तर फलाटावरून 192 व्होल्ट आणि 0.3125 अँपिअर. काटकोनात असेल तर 300 व्होल्ट आणि 0.2 अँपिअर. गुणाकार दोन्ही वेळा 60. मात्र दिवा चहूकडे सारखा प्रकाश टाकणारा हवा. रुळांच्या दिशेने पुढे किंवा मागे झोत टाकणारी टॉर्च असती तर प्रकाशाचा संवेगही हिशेबात आला असता, आणि 60 टिकले नसते.

धातुपाठ : शक्तीचं मूळ ‘शक्’, समर्थ असणे. ऊर्जेचं मूळ ‘ऊर्ज्’, वेदात ते बळ आणि पोषक रस अशा अर्थाने येतं. दोन्ही बळाचेच शब्द. म्हणून तर एकीकडे अणुऊर्जा आयोग आणि दुसरीकडे अणुशक्तीनगर. मुद्रितशोधकांवर रागावू नका, हा घोळ जुना आहे.

प्रयोगवही : घोळ आणखी एका ठिकाणी होईल. ऊर्जा ‘अक्षय्य’ म्हणजे काळ गेला तरी एकूण तेवढीच. दिव्याची शक्ती तशी नाही, बटण बंद केलं की संपली. पण दोन्ही चौकटींत, म्हणजे डब्यातून मोजा की फलाटावरून, ती सारखी. हे सारखेपण ‘अक्षय्य’ नव्हे, ते ‘निरपेक्ष’. हा फरक लेखात आणाच.

नळस्टॉप : ‘चौकट’ तरी का? चौकट भिंतीत पक्की बसवलेली असते. धावती चौकट कानाला खटकते.

धातुपाठ : चौकट म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडं. भिंत त्यात कुठेच नाही.

भोसरीकर : वडील सुतार होते. जुन्नरला आमचं घर बांधताना त्यांनी आधी चौकट उभी केली, ओळंबा लावला, हळदकुंकू वाहिलं. भिंत नंतर आली, आणि तिची सगळी मापं गवंड्याने चौकटीवरून घेतली. मला तर शब्द अगदी बरोबर वाटतो.

नळस्टॉप : काका, हे माहीत नव्हतं. पण आमच्या वाड्यात चौकटी भिंती झाल्यावर बसवल्या, असं आजी सांगायची.

भोसरीकर : भिंतीत खाच ठेवली असेल. वाडा दगडी की मातीचा?

भाषांतरवाली : चौकट ठेवतेय, आणि काकांची ओळंब्याची गोष्ट तळटीपेत घेऊ का? शक्तीचं मात्र अजून अडलंय. पान उद्या संध्याकाळी छापायला जातंय.

नळस्टॉप : खाली दगडी, वर विटा.