मालक म्हणतात "मार्केट रेट", पण सरकार हा रेट मोजतं कसं?

वाघबीळकर
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला वन बीएचकेत राहतो आम्ही, चौथं वर्ष चालू आहे. पुढच्या महिन्यात ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय. आत्तापर्यंत दरवेळी हजार-बाराशे वाढायचे, ते आम्ही कुरकुर न करता दिले, पण ह्यावेळी मालकांनी २१ चे एकदम २६ सांगितलेत. विचारलं तर म्हणाले वेबसाइटवर बघा, मार्केट रेट आहे. बघितलं, तर जाहिराती खरंच २५ ते २८ च्या आहेत. पण आमच्याच मजल्यावर एक कुटुंब १९ देतंय, मग ते मार्केटमध्ये नाहीत का? माझी जाऊ न्यू जर्सीत घरभाड्याला मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसात आहे, ती म्हणाली आमच्याकडे सरकार दरवर्षी एरियाप्रमाणे भाड्याचा आकडा जाहीर करतं. तो काढतात कसा? आणि आपल्याकडे असं काही आहे का? रविवारी मालकांशी बोलायचंय, नुसतं "परवडत नाही हो" म्हणायचं नाहीये मला.

कोपरखैरणे_सेक्टर१९
ताई, कायद्याने वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं. सरळ तेच सांगा त्यांना.

आकडेमोड
दादा, ते ४ टक्के १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातले, पागडीवाल्या नाहीतर जुन्या रीतसर भाडेकरूंसाठी. तुमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सच्या ॲग्रीमेंटला लागू नाहीत, तिथे ॲग्रीमेंटमध्ये लिहाल तीच वाढ. ताईंनी हे सांगितलं तर मालक पहिल्याच वाक्याला खोडून काढतील.

आता मूळ प्रश्न. जाऊबाई म्हणतात तो आकडा म्हणजे फेअर मार्केट रेंट. तिकडचं हाऊसिंगचं केंद्रीय खातं, हड म्हणतात त्याला, ते काढतं आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू होतो. गरीब कुटुंबाला भाड्यासाठी सरकारने किती मदत करायची ते ह्याच्यावरून ठरतं. मुळाशी आहे त्यांच्या जनगणना खात्याचा सर्व्हे, वर्षाला साधारण ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली जाते. जाहिरात कितीची होती हे विचारतच नाहीत, तुम्ही महिन्याला देता किती, वर लाइट-गॅस-पाण्याचे किती, असं विचारतात. म्हणजे भाड्यात वीजबिल धरलेलं घर आणि न धरलेलं घर एका पातळीवर येतं. मग स्वयंपाकघर किंवा नळ-संडास धड नसलेली घरं आणि सरकारी स्वस्त भाड्याची घरं बाजूला काढतात, उरलेली दोन बेडरूमची घरं चढत्या भाड्याने रांगेत लावतात आणि शंभरातलं चाळिसावं घर जे भाडं देतं तो आकडा धरतात. एक आणि तीन बेडरूमचे आकडे त्याच्यावरून गुणोत्तराने काढतात.

सरासरी का नाही, तर चार आलिशान टॉवर आले की सरासरी वर उडते, चाळिसावं घर जागचं हलत नाही. पण चाळीसच का ह्याला गणितात उत्तर नाही हं, तो धोरणाचा निर्णय आहे. आधी ४५ वा घ्यायचे, १९९५ मध्ये ४० वर आणला.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा आकडा पाच वर्षांचे सर्व्हे एकत्र करून निघतो, त्यामुळे जुनाट पडतो, म्हणून गेल्या साधारण दोन वर्षांत घर बदललेले लोक किती देतात ते वेगळं बघून त्या प्रमाणात आकडा वर नेतात, मग महागाई लावतात आणि पुढच्या वर्षाचा अंदाज धरतात.

खारघरची_प्राची
पण नवीन आलेल्यांवरच भर दिला तर आकडा फुगणार नाही का? जुने भाडेकरू पण भाडंच देतात की.

आकडेमोड
प्राची, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर कशासाठी मोजताय त्यावर आहे. मदत घेऊन उद्या घर शोधायला निघालेल्या बाईला दहा वर्षांपूर्वीच्या भाडेकरूचं भाडं कोणी देणार नाही, म्हणून तिथे नवे लोक बघायचे. महागाई मोजायची असेल तर उलट, गावातले सगळे भाडेकरू मिळून किती देतात ते हवं, जुने धरून.

आपल्याकडे हे दुसरं काम होतं. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ बेसवाल्या मालिकेत देशभरातली १३,३६८ भाड्याची घरं निवडली होती. त्यांचे सहा गट, दर महिन्याला एक गट, म्हणजे एका घराचं भाडं सहा महिन्यांतून एकदा विचारायचं. त्या मालिकेच्या शहरी निर्देशांकात घराचं वजन, म्हणजे वाटा, २१.६७ टक्के होता, एवढा मोठा, पण त्यातून भाडं किती टक्के वाढलं ते कळतं, घोडबंदरला वन बीएचके कितीला ते नाही कळत. तुमच्या मालकांचा आकडा नवीन जाहिरातींचा, मजल्यावरच्यांचा १९ जुन्या भाडेकरूचा. दोन्ही खरे आहेत, पण दोन्ही टोकाचे.

फिरतीवरचा_माणूस
मी काही वर्षं घरोघरी सर्व्हे केलेत, ऐरोली-दिघा पट्ट्यात आणि कळव्यात. सांगतो, भाडं हा सगळ्यात अवघड प्रश्न. उत्पन्न सांगतील पण भाडं सांगताना माणूस आधी दाराकडे बघतो, मालक खालीच राहत असतो ना. ॲग्रीमेंटवर एक आकडा आणि हातात रोख वेगळे, हे तर कित्येक घरांत. मी घाई न करता पाणी मागायचो, दोन मिनिटं बसायचो, मग बाईच म्हणायच्या की भाऊ खरं लिहा, १२ नाही १४ देतो आम्ही.

आणि डिपॉझिट विसरू नका! इथे हेवी डिपॉझिटवाली घरं खूप. ५ लाख डिपॉझिट आणि १८ हजार भाडं ह्याची तुलना ६० हजार डिपॉझिट आणि २१ हजार भाड्याशी कशी करणार? त्याला सरकारचाच हिशोब आहे, आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सची स्टँप ड्युटी काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ते भाड्यात मिळवतात. ५ लाखाचे वर्षाला ५० हजार, महिन्याला ४,१६७. म्हणजे ते १८ चं घर खरं २२ च्या वर जातं. ताई, तुम्ही पण असंच करा, मेंटेनन्स कोण भरतं तेही विचारा.

खारघरची_प्राची
मग सरकार वेबसाइटवाल्यांकडूनच आकडे का घेत नाही, त्यांच्याकडे तर रोजचे असतात.

आकडेमोड
तिकडे घेतलेत. कोविडमुळे २०२० च्या सर्व्हेला प्रतिसाद इतका कमी आला की त्या वर्षाचे नेहमीचे आकडे निघालेच नाहीत आणि नंतर भाडी भराभर वाढली, तेव्हा हडने २०२३ च्या आकड्यांसाठी खासगी कंपन्यांचे आकडे वापरले. पण वाढ किती झाली हे बघायला, पाया सर्व्हेचाच ठेवला. जाहिरातीत मागणी दिसते, सौदा कितीला तुटला ते दिसत नाही. शिवाय बायकांच्या ग्रुपमध्ये नाहीतर वॉचमनच्या ओळखीने जी घरं जातात ती जाहिरातीत येतच नाहीत.

वाघबीळकर
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप बरं वाटलं. दोन दिवस लिफ्टमध्ये, गार्डनमध्ये भेटेल त्याला विचारत फिरले. फिरतीवरच्या दादांचं ऐकून आधी माझं भाडं सांगायचे, मग समोरचे सांगायचे. गेल्या दोन वर्षांत आलेली सात घरं मिळाली, सगळी वन बीएचके, डिपॉझिटचे १० टक्के धरून आणि मेंटेनन्स सारखा करून : २०, २१.५, २२, २२.५, २३, २४, आणि एक २६, ते पूर्ण फर्निचरवालं. आमचं तसंच धरलं तर २१.५ होतं. कागदावर लिहून ठेवलंय, नावं टाकली नाहीत कोणाची. मजल्यावरचे १९ वाले ह्यात धरले नाहीत, ते सात वर्षांपासून आहेत, ते धरले तर मालकांवर अन्याय होईल. सातांत चाळीस टक्क्यांवर साधारण तिसरं घर येतं, २२ चं, म्हणून माझं मत २२ वर ठाम राहावं, फार तर २२.५.

फिरतीवरचा_माणूस
बरोबर केलंत. फर्निचरवालं घर कागदावर राहू द्या, पण बाजूला तसं लिहा, लपवलंत असं वाटायला नको. आणि ह्यावेळी ११ ऐवजी २२ महिन्यांचं करता येईल का विचारा, वाढ किती ते त्यातच लिहून घ्या.