प्रतिसाद: बंधित निधी आणि गावाची गरज

केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, मग अडचण कसली, असा प्रश्न वर विचारला गेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्राच्या पैशाचे वाटप कसे व्हावे हे सुचवणारा आयोग) 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना सुचवलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित ठेवली, म्हणजे ती पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच खर्च करण्याची अट घातली, हे त्यात सुटले आहे. आमच्या गावात गटारे दोनदा बांधून झाली, पण अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याखाली आजही पातेले ठेवलेले असते. पाण्याला प्राधान्य हवेच, याबद्दल वाद नाही. मात्र चौदाव्या आयोगाचे ग्रामीण भागासाठीचे सगळे अनुदान ग्रामपंचायतींना मिळत होते. पंधराव्या आयोगाने त्यात पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनाही वाटेकरी केले. त्यामुळे उरलेल्या 40 टक्क्यांतही ग्रामसभेच्या हाती फारसे राहत नाही, आणि हे मला मनापासून खटकते.