संसर्गजन्य, साथीचा, जन्मजात, आनुवंशिक : या शब्दांच्या सीमा कोठे आखाव्यात?

विचारणा

कोकण किनारपट्टीतील शाळांसाठी आरोग्यविषयक एक छोटी पुस्तिका लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पालघरच्या बाजूला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार), सिंधुदुर्गात माकडताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), किनाऱ्यालगतच्या गावांतून हत्तीरोग, आणि सगळीकडेच क्षय व कुष्ठरोग, असे तिचे विषय आहेत. मसुद्यात सिकलसेल ‘अनुवंशिक’ आणि बाकीचे सगळे आजार ‘संसर्गजन्य’ अशी सरळ विभागणी केलेली आहे. दोडामार्ग तालुक्यातील एका गावात हा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा एका आजींनी विचारले की सुनेला माकडताप झाला होता, तर तिच्या हातचे जेवण नातवंडांना द्यायला नको होते का. या प्रश्नापासून ‘संसर्गजन्य’ हा शब्दच मला खटकू लागला आहे. तो बदलावा का, आणि बदलायचा तर त्याच्या जागी काय घालावे?

उत्तर

आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो शब्दातूनच उपजला आहे. ‘संसर्ग’ म्हणजे मिसळणे, सहवास, संपर्क. कोणाच्या संसर्गात राहू नये असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर माणूसच असतो. त्यामुळे ‘संसर्गजन्य’ हा शब्द ऐकणारा माणूस ‘आजाऱ्याच्या जवळ गेल्याने होणारा’ असाच अर्थ घेणार. वैद्यकात मात्र हा शब्द त्याहून पुष्कळ व्यापक अर्थाने रुळला आहे: जिवाणू, विषाणू, बुरशी किंवा परजीवी शरीरात शिरून वाढल्याने होणारा कोणताही रोग संसर्गजन्य, मग तो शिरकाव माणसाकडून झालेला असो, पाण्यातून असो, मातीतून असो वा किड्याच्या चाव्यातून असो. धनुर्वात हे याचे ठळक उदाहरण आहे. तो जिवाणूमुळेच होतो, म्हणजे वैद्यकाच्या अर्थाने संसर्गजन्य आहे, पण धनुर्वाताच्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलेल्या माणसाला तो कधीच होत नाही.

माकडताप याच जातीचा आहे. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा रोग प्रथम ओळखला गेला. दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण २०१६ पासून आढळू लागले. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाच्या अंगात येतो. थंडी ओसरून काजूचा हंगाम सुरू होतो, बागांतून आणि लगतच्या रानातून पालापाचोळ्यात वावर वाढतो, त्याच दिवसांत गोचिडीची बारीक पिल्ले चावतात. माकडांनाही हा रोग होतो आणि ती मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणूनच रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे असते. मात्र माकडताप झालेल्या माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही. सुनेच्या हातच्या भाकरीला काहीही धोका नव्हता, आणि पुस्तिकेने हे वाक्य स्पष्ट शब्दांत छापलेच पाहिजे.

लेप्टोचेही तसेच. लावणीच्या दिवसांत चिखलणी केलेल्या कुणग्यात बाई अनवाणी उभी असते, तिच्या टाचेला भेग असते, आणि त्या पाण्यात उंदराचे, गुराचे किंवा कुत्र्याचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरा हा पिळवटलेल्या सुतासारखा जिवाणू त्या भेगेतून, किंवा डोळ्यांच्या आणि तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात जातो. तीच बाई आठवड्याने तापाने फणफणते, डोळे लाल होतात, पोटऱ्या दुखतात; पण तिच्या शेजारी झोपलेल्या मुलाला तिच्याकडून लेप्टो होण्याची भीती जवळजवळ नसते. मुलाला तो झालाच, तर बहुधा तोही त्याच शेतात उतरला होता म्हणून.

यासाठी माझी सूचना अशी की ‘संसर्गजन्य’ हा शब्द टाकून देऊ नये, कारण सरकारी कागदोपत्री, वृत्तपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत तो पक्का बसला आहे. परंतु त्याला एकट्याला कधी उभे करू नये. ज्या रोगाची माणसाकडून माणसाला लागण होते त्याला ‘लागणीचा’ म्हणावे. हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. गोवर लागणीचा, कांजिण्या लागणीच्या, फुप्फुसाचा क्षय लागणीचा. जे रोग संसर्गजन्य असूनही लागणीचे नाहीत त्यांच्यापुढे वाट सांगणारा शब्द जोडावा: माकडताप गोचिडीमार्फत होणारा, हत्तीरोग डासांमार्फत होणारा, लेप्टो दूषित पाण्यातून व चिखलातून होणारा. ‘कीटकजन्य’ आणि ‘जलजन्य’ हे शब्द आटोपशीर आहेत, पण शाळकरी मुलांसाठी मी ‘मार्फत’ आणि ‘मधून’ यांनाच पसंती देईन.

‘साथीचा’ हा शब्द वेगळाच प्रश्न सोडवतो आणि तो या रांगेत बसवू नये. साथ म्हणजे एखाद्या ठिकाणी, थोड्या काळात, नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक लोक आजारी पडणे. ती रोगाची जात नसून त्याची त्या वेळची चाल असते. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि तिच्यामुळेच १८९७ चा साथरोग कायदा झाला. उलट हत्तीरोग किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे. त्याची साथ आली असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात पटकीसारख्या, म्हणजे कॉलऱ्यासारख्या, आजाराचे वर्णन आहे. पोर्तुगीजांनी या आजारासाठी जे नाव उचलले ते या किनाऱ्यावरच्या ‘मोडशी’ या शब्दाचेच रूप होते. आज मोडशी म्हटले की आपल्याला पाणी बदलल्याने बिघडलेले पोट आठवते. रोगांची आपली जुनी नावे अशी लक्षणांवरून पडलेली आहेत. रोग कोठून आला हे ती सांगत नाहीत, आणि तेवढे काम नव्या शब्दांना करावे लागते. त्यामुळे नव्या शब्दांत ढिलाई परवडणारी नाही.

पुढील विचारणा

‘अनुवंशिक’ की ‘आनुवंशिक’? आणि ‘जन्मजात’, ‘जनुकीय’, ‘वंशपरंपरागत’ हे शब्द त्याच्या बदली चालतील का?

उत्तर

‘आनुवंशिक’ हेच शुद्ध. ‘अनुवंश’ला ‘इक’ प्रत्यय लागला की आद्य स्वराची वृद्धी होते, जशी ‘समाज’वरून ‘सामाजिक’ होताना होते. ‘अनुवंशिक’ सर्रास छापले जाते, पण शाळेसाठीच्या पुस्तिकेत ते नसावे. ‘वंशपरंपरागत’ हा शब्द वतनांना आणि व्यवसायांना शोभतो. आजाराला लावला की घराण्याला बट्टा लावल्यासारखा वाटतो.

‘जन्मजात’ मात्र बदली मुळीच चालणार नाही, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. जन्मजात म्हणजे जन्मतः असलेले. कारण कोणतेही असो. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर मूल मोतिबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयातील दोष घेऊन जन्माला येऊ शकते. हा दोष जन्मजात आहे, पण त्याचे मूळ विषाणूत आहे, जनुकात नाही. याच्या उलट, हंटिंग्टनचा आजार हा मेंदूचा विकार एकाच सदोष जनुकामुळे पालकाकडून मुलाकडे येतो, तरी त्याची लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतात. तो आनुवंशिक आहे, पण जन्मतः दिसणारा नाही.

‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ यांतही फरक आहे. कर्करोग पेशींच्या जनुकांतील बिघाडाने होतो, म्हणून तो जनुकीय. पण हे बिघाड बहुतेक वेळा आयुष्यात पुढे झालेले असतात आणि मुलाबाळांकडे जात नाहीत. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली दाखवले गेले. तेथेही बहुतेक वेळा ते जादा गुणसूत्र बीजपेशी तयार होताना नव्याने घडलेल्या चुकीतून आलेले असते. अशा मुलाच्या आईला ‘तुमच्या घराण्यात कोणाला होते का’ असे विचारणे अज्ञानाचेही आहे आणि क्रूरपणाचेही.

घराण्याचा हा संशय कुष्ठरोगाच्या वाट्याला सर्वांत जास्त आला. एकाच घरात बाप, मग मुलगा, मग पुतण्या अशी माणसे या रोगाने आजारी होताना लोक पाहत होते, आणि रगतपिती त्या घराण्यातच आहे असे ठरवून सोयरीक मोडत होते. हा समज केवळ गावकऱ्यांचा नव्हता. नॉर्वेतील बर्गन येथे कुष्ठरोगाचा सखोल अभ्यास करणारे दानियलसेन हेही तो आनुवंशिक मानत. त्यांचेच जावई हानसेन यांनी १८७३ साली त्याचा जिवाणू पाहिला. एका घरातील माणसे एकत्र राहतात, वर्षानुवर्षे एकाच हवेत श्वास घेतात, आणि हा जिवाणू इतका मंद वाढतो की लागण होऊन चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात. त्यामुळे सहवासाचे फळ रक्ताचे फळ वाटले. पुढे हेही कळले की बहुतेकांचे शरीर या जिवाणूला स्वतःच परतवून लावते, आणि कोणाचे परतवते, कोणाचे नाही, यात जनुकांचाही वाटा असतो. म्हणजे रोग आनुवंशिक नाही, पण रोगाला बळी पडण्याचा कल काही अंशी आनुवंशिक असू शकतो. ही दोन विधाने पुस्तिकेत एका वाक्यात कोंबू नयेत.

आपल्या भाषेला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंग. तो जन्माबरोबर येतो आणि शेजारी बांधल्याने बदलत नाही. लागतो तो गुण. लक्षात घेण्याजोगे हे की म्हणीतला ‘गुण’ संगतीने येणारा आहे, आणि ‘गुणसूत्र’ या शब्दातला ‘गुण’ नेमका वाणासारखा वारशाने येणारा. मुलांना ही म्हण सांगून गुणसूत्रांकडे वळायचे असेल तर ही अदलाबदल शिक्षकाने आधीच स्पष्ट करावी; अन्यथा वर्गातील चुणचुणीत मूल येथेच अडेल.

आणखी एक विचारणा

आमच्याकडची मुले बागायतदारांची आहेत. आंब्याची, केळीची उदाहरणे दिली तर चालतील का?

उत्तर

अवश्य द्यावीत, पण निवडून. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागणातून तयार झालेला असतो, म्हणून कोय रुजवून आलेले झाड आईच्या वळणावर जाईलच असे नाही. कलमात मात्र मातृवृक्षाचीच जनुके जशीच्या तशी येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला. त्यात साका होत नाही. साका हा लागणीचा रोग नाही. तो फळाच्या पिकण्यातील बिघाड आहे, आणि त्याकडे असलेला कल त्या त्या जातीचा आहे. भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग, म्हणजे संसर्गजन्य.

केळीचा पर्णगुच्छ हे तर फार मोलाचे उदाहरण. रोगट केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटलेली रोपे) लावले की नवी केळही रोगट निघते, आणि हा दोष वाणाचाच असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मुनव्याबरोबर विषाणू आलेला असतो, आणि बागेत त्याला मावा ही कीड पसरवते. आईकडून बाळाला आलेला रुबेला समजावताना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

शेवटची विचारणा

सिकलसेलच्या पानावर ‘वाहक’ हा शब्द आहे. हत्तीरोगाच्या पानावरही आहे. हरकत नाही ना?

उत्तर

मोठी हरकत आहे. मसुद्यात हाच एक शब्द मला खरोखर घातक वाटतो. हत्तीरोगाच्या पानावर डासाला वाहक म्हटले आहे. त्याच पानावर, रात्रीचे रक्त तपासून ज्याच्या रक्तात सूक्ष्म जंतू सापडले पण पाय सुजलेला नाही, अशा माणसालाही वाहक म्हटले आहे. रक्त रात्रीच घेतात, कारण ते जंतू रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने उतरतात. आणि दोन पाने उलटल्यावर सिकलसेलचा एक जनुक असलेली मुलगीही वाहकच. पहिले दोघे रोग पसरवण्यात खरोखर भागीदार आहेत. डास चावतो, आणि त्या माणसाचे रक्त पिऊन डास जंतू घेतो. ती मुलगी कोणालाही काहीही देत नाही. तिच्या शेजारी बसून, तिच्या ताटात जेवून, तिला डास चावून दुसऱ्याला सिकलसेल होत नाही. इतकेच नव्हे, तर या एका जनुकामुळे मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले.

तेव्हा तीन शब्द वेगळे करावेत. डास, गोचीड आणि मावा यांना ‘रोगप्रसारक’ म्हणावे. लक्षणे नसताना जंतू बाळगणाऱ्या माणसाला ‘जंतुवाहक’ म्हणावे. सिकलसेलच्या पानावर ‘जनुकवाहक’ म्हणावे, आणि शब्द प्रथम येईल तेथेच पुढील मजकूर घालावा:

“जनुकवाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते आणि तिच्यापासून कोणालाही लागण होत नाही. आई व वडील दोघेही जनुकवाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला सिकलसेलचा आजार असण्याची शक्यता २५ टक्के, केवळ जनुकवाहक असण्याची शक्यता ५० टक्के आणि दोन्हीही नसण्याची शक्यता २५ टक्के असते. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तेवढीच असते. पहिले मूल आजारी आहे म्हणून पुढची तीन निरोगी होतील असे नाही. म्हणून लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे.”

‘दोघांनीही’ हा शब्द ठळक छापावा. तपासणी मुलीचीच करण्याची रीत पडली आहे, आणि हा जनुक मुलाकडूनही तितकाच येतो.