स्वतःच्या फायबरवर ई१ लिंक, क्लॉक नक्की कुठल्या राउटरने द्यायचं?

गोडाऊनवाला:
मंडळी जरा मदत पाहिजे. सातपूरचा प्लांट आणि अंबडचं गोडाऊन यांच्यामधे आधी प्रोव्हायडरची ई१ (२.०४८ एमबीपीएसची डिजिटल) लीज्ड लाइन होती, दोन्हीकडच्या सिस्को राउटरवर क्लॉक सोर्स लाइन होतं (म्हणजे बिट पाठवायचा ठोका समोरून येणाऱ्या सिग्नलमधून घ्यायचा) आणि कधी हात लावायची वेळच आली नाही. आता डार्क फायबर (नुसती रिकामी फायबर, उपकरणं आपली) भाड्याने घेतलीय, दोन्ही टोकांना पीडीएच ऑप्टिकल मक्स (ई१ फायबरवरून नेणारे डबे) बसवलेत, राउटर तेच कॉन्फिग तेच. लिंक वर येते, मधेच पडते, परत आपोआप येते. मग दोन्हीकडे इंटर्नल (राउटरचं स्वतःचं क्लॉक) करून बघितलं तर पडायची थांबली पण सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची नोंद) सारख्या वाढतायत आणि शो कंट्रोलर्स ई१ मधे १५ मिनिटांच्या इंटरव्हलला ४५ स्लिप सेकंद (वेग न जुळल्याने फ्रेम गळते किंवा दुबार येते असे सेकंद) दिसतायत. व्हेंडर म्हणतो फायबरचे कनेक्टर साफ करा. अहो पॉवर लेव्हल व्यवस्थित आहे! काय बघू?

हॉपकाउंट:
फायबर बिचारी बरोबर आहे, तिला सोडा. जुन्या लाइनमधे प्रोव्हायडरचं नेटवर्क स्वतः क्लॉक देत होतं म्हणून दोन्ही राउटर लाइनवर सुखात चालायचे. पीडीएच मक्स तुमच्या ई१ ला क्लॉक देत नाही, एकीकडून ई१ ज्या वेगाने आत येतं त्याच वेगाने पलीकडे बाहेर काढतो. त्यामुळे दोन्हीकडे लाइन ठेवलं की हा त्याच्या तोंडाकडे बघतोय आणि तो ह्याच्या, मूळ क्लॉक कुणाकडेच नाही, फ्रिक्वेन्सी सरकत सरकत जाते आणि शेवटी लिंक पडते.

दोन्हीकडे इंटर्नल केलं की दोन वेगळे क्रिस्टल, म्हणजे प्रत्येक राउटरचा ठोका वेगळा. तुमचाच आकडा घ्या ना, ९०० सेकंदांत ४५ म्हणजे साधारण दर २० सेकंदांनी एक स्लिप. एक स्लिप म्हणजे एक फ्रेम, ई१ ची एक फ्रेम २५६ बिटची, म्हणजे दोन राउटरच्या वेगात सेकंदाला १२.८ बिटचा फरक, २०,४८,००० वर तो जेमतेम ६ पीपीएम (दहा लाखांत ६) होतो. ई१ ला ५० पीपीएम पर्यंत चालतं, तेव्हा दोन्ही कार्ड एकदम ठणठणीत आहेत, फक्त एकमेकांशी जुळलेली नाहीत. प्लांटवर क्लॉक सोर्स इंटर्नल, गोडाऊनवर क्लॉक सोर्स लाइन. बास.

पंचवटीकर:
वरच्यांचं बरोबर आहे पण एक विचारतो, प्लांटच्या त्याच राउटरवर फोनची पीआरआय (एक्सचेंजकडून ई१ वर येणारी फोन लाइन) पण आहे का? असेल तर नुसतं इंटर्नल करून सोडू नका, व्हॉइसला पण स्लिप लागतील आणि फॅक्स तर पहिला मरेल. नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट कमांड लावून पीआरआयच्या पोर्टला क्लॉक सोर्स लाइन प्रायमरी द्या. फायबरचा पोर्ट इंटर्नलच राहू दे, तो मग राउटरच्या आतल्या बसवरचं म्हणजे पर्यायाने एक्सचेंजचंच क्लॉक पुढे पाठवतो.

नवशिका_नेटवर्क:
मधेच घुसतोय, सॉरी. क्लासमधे आम्ही दोन राउटर सिरियल केबलने जोडून क्लॉक रेट ६४००० देतो, हे तेच का? मग ई१ ला ती कमांड का घेत नाही?

हॉपकाउंट:
तत्त्व तेच रे. तिथे केबलच्या डीसीई टोकाचा राउटर क्लॉक देतो, शो कंट्रोलर्स सिरियल मारलं की कुठलं टोक तुझ्याकडे आहे ते दिसतं. व्ही.३५ मधे (तुमच्या त्या सिरियल केबलचा प्रकार) क्लॉकची तार वेगळी असते. ई१ मधे वेगळी तार नाही, क्लॉक सिग्नलमधूनच काढायचं असतं, म्हणून एचडीबी३ लाइनकोड (तारेवर बिट पाठवायची पद्धत) सलग ३ पेक्षा जास्त शून्य जाऊ देत नाही, नाहीतर पलीकडचा पकडणार काय? आणि वेग ठरलेलाच आहे, २.०४८ एमबीपीएस, मग रेट कशाला विचारेल.

गोडाऊनवाला:
पीआरआय नाहीये. प्लांट इंटर्नल, गोडाऊन लाइन केलं, जेवून आलो तोवर सगळे इंटरव्हल स्लिप ० 🙏 पण गोडाऊनला लाइन कोड व्हायोलेशन (तारेवरचा सिग्नल बिघडल्याची नोंद) अजून थोडे थोडे येतायत, प्लांटला एकही नाही.

पंचवटीकर:
ते क्लॉकचं नाही. गोडाऊनचा मक्स बीएनसी (गोल कोॲक्स कनेक्टर) वाला आहे का? असेल तर तो ७५ ओहम आणि राउटरचा आरजे पोर्ट १२० ओहम, मधे बालून (दोन्ही ओहम जुळवणारा छोटा जोड) लागतो. तिथे कुणीतरी सरळ तारा पिळून जोडल्या असतील, मक्सच्या मागे हात घालून बघा.